मोरगावच्या रानातलं ग्रॅफाइट

मोरगावच्या रानात ग्रॅफाइट सापडलं आणि रामभाऊ भावाकडं खेपा घालू लागले. कन्हेरीहून बारामती, बारामतीहून एसटीनं मोरगाव, तिथून पायी वस्तीवर. एवढं जाऊन ते भावाशी एक शब्दही बोलत नसत. ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे आणि भावजयीला म्हणायचे, "सारजा, खड्डा आणखी किती खोल न्यायचाय, विचार त्याला." तो, म्हणजे बुद्धभूषण, दोन हातांच्या अंतरावर शेळीच्या पायातला काटा काढत बसलेला असायचा. शेळीकडं बघतच तो सांगायचा, "म्हणावं, ठरलं न्हाय अजून." सारजा हे निरोप पोचवायच्या भानगडीत पडत नसे. दोघांनाही नीट ऐकू येत होतं.

ज्योत्स्नाला हे पुण्यात फोनवर कळत होतं. सांगणारी पायल, बुद्धभूषणची म्हणजे भूषणकाकाची मुलगी. ती मोरगावजवळच्याच शाळेत शिकवायची आणि घरी घडलेलं सगळं हजेरी घेतल्यासारखं, एका सुरात सांगायची. ज्योत्स्ना रामभाऊंची थोरली. वडील भावाच्या ओट्यावर जाऊन बसतात, यावर तिचा आधी विश्वासच बसला नाही.

दोघा भावांचं बोलणं थांबलं ते वाटणीत. वाटणी तोंडी झाली होती. कन्हेरीचं कॅनॉलखालचं उसाचं रान रामभाऊंकडं आलं आणि मोरगावचं जिराईत भूषणकाकाकडं गेलं. तो तुकडा पणजोबांच्या वतनातला. वतन गेलं, रान राहिलं, पाणी तेव्हाही नव्हतं आणि नंतरही आलं नाही. रामभाऊंचं म्हणणं असं की मोरगावचं रान कन्हेरीच्या तिप्पट आहे. भूषणकाकाचं म्हणणं, ऊनही तिप्पट आहे. तलाठ्याच्या ओट्यावर चार माणसांत तो म्हणाला होता, "मास्तरांनी मला जमीन न्हाय दिली. ऊन वाटून दिलं." माणसं हसली. रामभाऊंनी नोकरीची सगळी वर्षं भूगोल शिकवला होता आणि त्यांच्या वर्गात कुणी हसल्याचं कुणाला आठवत नाही. ते घरी आले, हातपाय धुतले, आणि त्या दिवसापासून त्यांनी भावाचं नाव घेणं बंद केलं. भूषणकाका त्यांना आधी दादा म्हणायचा. आता मास्तर म्हणू लागला, तेही माघारी.

ज्योत्स्ना त्याच कन्हेरीच्या उसाच्या पैशावर एम.एस्सी. झाली, पीएच.डी. झाली. हे तिला ठाऊक होतं आणि भूषणकाकालाही ठाऊक होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तिला ते जास्त ठाऊक होतं.

यंदा पायलनं हट्ट धरून रानात शेततळं काढायला लावलं. सीताफळाची बाग करायची होती आणि पावसाळ्याआधी तळं तयार हवं होतं. ओढ्याकडच्या बाजूला जेसीबी लावला. कंबरभर खोल गेल्यावर मातीबरोबर काळी, चकाकणारी ढेकळं वर येऊ लागली. दगडासारखी दिसायची, पण उचलली की दगडापेक्षा हलकी. हात लावला की हात काळा. पायलनं एक ढेकूळ उचलून वहीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या रानात पेन्सिल निघाली."

ग्रुपवर एरवी सकाळी जयभीम आणि वाढदिवसाला केक याखेरीज काही यायचं नाही. त्या दिवशी पहिलं उत्तर अनुपचं आलं. अनुप ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ. इंदापूरला तहसील कचेरीच्या बाहेर त्याची वकिली चालायची. ग्रॅफाइट आता सरकारच्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहे, विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला तेच लागतं, आपल्याकडचं बरंचसं बाहेरून येतं, तेव्हा कुणी कुणाला काही बोलू नये, असा लांबलचक आवाजी निरोप त्यानं टाकला. संध्याकाळपर्यंत ते निम्म्या इंदापूरला माहीत होतं. दुसऱ्या निरोपात त्यानं सांगितलं की वाटणी तोंडी झालेली असल्यामुळं मोरगावच्या सातबाऱ्यावर अजून आबांचं, म्हणजे रामभाऊंचं, आणि काकांचं, दोघांचंही नाव आहे. हे त्यानं फक्त माहिती म्हणून सांगितलं, असं तो पुढं बऱ्याचदा म्हणाला.

मग इंदापूरच्या अक्काबाईंचा फोन आला. त्या दोघा भावांची थोरली बहीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बापाच्या जमिनीत लेकीचाबी हिस्सा असतो, असं अनुपच परवा कुणा पक्षकाराला सांगत होता. अनुप म्हणाला, ती केस वेगळी होती. अक्काबाई म्हणाल्या, असंल, पर लेक तर मीबी हाय.

आणि मग सगळ्यांना ज्योत्स्नाची आठवण झाली, कारण ग्रॅफाइट हाच तिचा विषय होता. गेली कित्येक वर्षं ती पुण्याच्या प्रयोगशाळेत ग्रॅफाइटवर काम करत होती आणि घरातल्या कुणी कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीतसुद्धा "पुण्याला सायंटिस्ट आहे" एवढ्यावर भागायचं. आता अक्काबाई रोज फोन करून विचारायच्या, पेन्सिलीत एवढं संशोधन करायचं काय असतं. ज्योत्स्ना सांगायची. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक ठेवलेले पातळ थर. थर सहज सरकतात म्हणून पेन्सिल कागदावर उमटते आणि यंत्राला ते वंगण म्हणून चालतं. वीज नेतं म्हणून मोटारीच्या ब्रशात असतं. आग सोसतं म्हणून धातू वितळवायची मूस त्याची करतात. बॅटरी चार्ज होताना लिथियम या थरांच्या मधे जाऊन बसतं आणि वापरताना बाहेर येतं. घाईनं चार्ज केलं तर ते आत न जाता वरच साचतं आणि बॅटरी खराब होते. ते कसं टाळायचं, हे तिचं काम. अक्काबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हंजी लवकर चार्ज करू नये, एवढंच ना?" ज्योत्स्ना म्हणायची, सध्या तरी एवढंच.

पायलनं ढेकळं डब्यात घालून पुण्याला पाठवली होती. ज्योत्स्नानं आधी ती नुसती हातात घेऊन बघितली आणि तेव्हाच तिला शंका आली. तरी तिनं रीतसर सगळं केलं. एक्स-रेवर पाहिलं, तुकडा घासून गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, थोडं जाळून राख पाहिली. निकाल आल्यावर पुन्हा एकदा सगळं केलं. निकाल तोच आला. शनिवारी ती कन्हेरीला आली. रविवारी सगळ्यांनी मोरगावला जमायचं आणि हिस्से ठरवायचे, असं अनुपनं पक्कं केलं होतं.

गाडी अनुप चालवत होता. पुढं आबा, मागं अक्काआत्या आणि ज्योत्स्ना. बारामती मागं पडली तसा ऊस विरळ झाला आणि कुसळं दिसू लागली. अनुपनं आरशातून विचारलं, निकाल काय आला. ज्योत्स्नानं तोंड उघडलं, तेवढ्यात रामभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं सांग. सगळ्यांसमोर, एकदाच." वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलाला हात खाली घ्यायला सांगावं, तसं ते म्हणाले. वडिलांना आपल्या कामाची प्रथमच काही किंमत वाटते आहे, असा ज्योत्स्नानं त्याचा अर्थ लावला.

वस्तीवर लग्नासारखी तयारी होती, मांडव नव्हता एवढंच. प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. भूषणकाकानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्याला गळ्याशी टोचत होता. मोरगावात त्याला आता भूषणराव म्हणू लागले होते. चहाच्या टपरीवर खुर्ची मोकळी करून देत होते. ज्यानं कधी बांधावरून जाताना मान वळवली नव्हती, तो शेजारी जोतीराम सकाळीच येऊन खड्डा बघून गेला होता. हे सारजाकाकूनं पाणी देता देता ज्योत्स्नाला सांगितलं. सांगताना ती हसली नाही, पण तिला ते आवडलं होतं.

भूषणकाका ज्योत्स्नाला एकटीला तळ्याकडं घेऊन गेला. तळं अर्धवटच होतं. एका बाजूला मातीचा ढीग, कडेला काळी ढेकळं पोत्यांत भरून ठेवलेली. पोत्यांची तोंडं त्यानं सुतळीनं शिवली होती.

"जेसीबी माघारी लावला," तो म्हणाला. "उगं चांगला माल फुटाय नको. तळं काय, हुतंय की पुढल्या साली."

ज्योत्स्ना पोत्यांकडं बघत राहिली.

"ज्योते, मला खरं सांग. ग्रॅफाइटच हाय न्हवं?"

"व्हय काका," ती म्हणाली. "ग्रॅफाइटच हाय."

ते खरं होतं. त्यानं मान हलवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून परत चालायला लागला. ओट्यापर्यंतची ती वाट ज्योत्स्नाला फार लांब वाटली. लहानपणी हाच माणूस तिला खांद्यावर घेऊन बारामतीच्या बाजारात फिरवायचा आणि गर्दीत काय काय दिसतंय ते तिला वरून सांगायला लावायचा.

बोलणं अनुपनं सुरू केलं. शांतपणे घ्यायचं, असं म्हणून त्यानं सुरुवात केली, त्यामुळं सगळे सावध झाले. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुढचा सगळा व्यवहार कायद्यानं होणार, कायदा सातबारा बघणार, आणि सातबाऱ्यावर दोन नावं आहेत. तेव्हा अर्धं अर्धं. भूषणकाका म्हणाला की माझ्या रानात माझा हिस्सा किती, हे मला कन्हेरीवाल्यांनी सांगायचं का. पायल म्हणाली, मग कन्हेरीच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत तेही अनुपदादानं सांगावं. अनुप म्हणाला, तो विषय आजचा नाही. अक्काबाई म्हणाल्या, भूषण बिचारा इतकी वर्षं हितं उन्हात मेला, त्याला जास्ती मिळाय पायजे. भूषणकाकाचा चेहरा उजळला. मग त्या म्हणाल्या, त्याला जास्ती, पर तीन वाटे तर पडणारच, आणि त्याचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. अनुप आत्याच्या बाजूनं झाला, कारण तीन वाट्यांत काकाचा वाटा कमी होत होता. आपलाही कमी होतो, हे त्याच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

रामभाऊ भावाच्याच रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते आणि समोरच्या रानाकडं बघत होते.

"आता ज्योत्स्ना सांगेल," अनुप म्हणाला. "आधी प्रत काय आहे ते कळू दे."

ज्योत्स्नानं पिशवीतून एक तुकडा काढला आणि मधल्या खुर्चीवर ठेवला. तुकड्याची एक बाजू फुटलेली होती. दुसरी बाजू आतून गोल होती आणि त्या गोलाईवर बाटलीच्या झाकणाला असतात तसे आटे होते.

"प्रत उत्तम आहे," ती म्हणाली. "इतकी उत्तम खाणीत मिळत नाही. खाणीतल्या ग्रॅफाइटला गारगोटी, अभ्रक, काहीतरी चिकटलेलं असतं. हे जाळलं तर राख जवळजवळ उरतच नाही. हे माणसानं केलेलं आहे. पोलाद वितळवायच्या भट्टीत मांडीएवढे जाड दांडे सोडतात, त्यातून वीज जाते. कोळशासारखा कोक असतो, त्यात डांबर मिसळतात, साच्यातून दाबून दांडा काढतात आणि फार मोठ्या उष्णतेला भाजतात. त्याचं ग्रॅफाइट होतं. दांड्याला दांडा जोडायला हे आटे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली यातले कण एका दिशेला झोपलेले दिसतात, दाबून काढल्यामुळं. हा फुटलेल्या दांड्यांचा चुरा आहे, काका. कुणीतरी आणून टाकलेला."

सारजाकाकूनं पुढं होऊन तो तुकडा उचलला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि नवऱ्याकडं दिला.

भूषणकाकानं तो हातात उलटसुलट फिरवला. मग म्हणाला, "हितं ओघळ हुती. रस्त्याचं काम चालू हुतं तवा भरावाच्या गाड्या यायच्या. कुठनं यायच्या, मी कशाला इचारतोय. मीच म्हनलं, हितं वता, ओघळ बुजंल." त्यानं तळ्याकडं पाहिलं. "मीच वतून घेतलंय."

अनुप इतक्यात सोडणार नव्हता. वरचा चुरा असेल भरावातला, पण खाली खरी खाण नसेल कशावरून, असं त्यानं विचारलं. ज्योत्स्ना म्हणाली, खाली काळा पाषाण आहे. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन झालेला. ग्रॅफाइट सापडतं ते याच्याहून फार जुन्या, दाबात आणि उष्णतेत भाजून निघालेल्या खडकांत. आपल्या दख्खनच्या या पाषाणात त्याच्या खाणी नसतात.

"सातवीचा भूगोल," पायल म्हणाली.

ती हे सहज बोलून गेली होती. मग बोललेलं तिच्याच कानांवर आलं आणि ती रामभाऊंकडं बघू लागली. वाटणीच्या आधी ती कन्हेरीच्या शाळेत होती. सातवीला तिला भूगोल कुणी शिकवला, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्योत्स्नाला गाडीतलं वडिलांचं बोलणं आठवलं, आणि आपण त्याचा चुकीचा अर्थ लावला हेही कळलं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हिडिओ बघितला तेव्हाच," रामभाऊ म्हणाले.

अनुपचा आवाज चढला. मग मला एवढं का बोलू दिलंत, तो म्हणाला. माणसांना भेटलो, अधिकाऱ्यांना विचारून आलो. रामभाऊंनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

"तू मला विचारलं नाहीस. तू ज्योत्स्नाला विचारलंस."

भूषणकाका उठला. तुकडा त्याच्या हातातच होता. तो सारजाकाकूच्या पुढून गेला, पायलच्या पुढून गेला आणि भावाच्या समोर जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत दोघांनी एवढ्या जवळून एकमेकांकडं बघितलं नव्हतं. सारजाकाकू सवयीनं मधे यायला निघाली आणि थांबली.

"दादा," तो म्हणाला.

रामभाऊंनी मान वर केली.

"तुला ठाऊक हुतं. मी जेसीबी माघारी लावला. पोरीचं तळं अडवून बसलो. गावात खुर्ची देत्यात म्हणून जाऊन बसलो. तू हितं येऊन ओट्यावर पाणी पीत हुतास आन तुला ठाऊक हुतं. पयल्या दिवशी का न्हाय सांगितलंस?"

रामभाऊंना उत्तर द्यायला वेळ लागला. वर्गात असा वेळ ते कुणाला देत नसत.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी कुठल्या कामानं आलो असतो?"

"भावाकडं याया काम लागतं व्हय?"

"मला लागतं."

ज्योत्स्नानं वडिलांकडं पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. इतक्या खेपांत त्यांनीही ती ढेकळं हातात घेतली असणार, कागदावर ओढून बघितली असणार. तिला वाटलं, आता काका भावाला उठवेल, जवळ घेईल, अक्काआत्या डोळ्याला पदर लावेल आणि सगळं पुसलं जाईल. भूषणकाकाला तसं काही सुचलं नाही. त्यानं तुकडा खुर्चीवर ठेवला आणि शर्टाचं गळ्याचं बटण काढलं.

"मग आता कन्हेरीच्या वाटणीचं काम काढ," तो म्हणाला.

"काढतो," रामभाऊ म्हणाले. "पण अर्ध्याचं बोलू नकोस. विहीर मी पाडली."

"इहीर तू पाडलीस, पर माती कोण वाहत हुतं?"

"माती तू वाहिलीस. मी नाही म्हटलंय?"

"तलाठ्याम्होरं म्हनला हुतास."

"तलाठ्यासमोर तू बोलू दिलंस का मला?"

अनुपनं गाडीची किल्ली काढली. आता इथं काही राहिलं नाही, निघू या, असं तो सगळ्यांना म्हणाला. मोरगावच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव असावं, याबद्दल त्याला आता काही म्हणायचं नव्हतं. रामभाऊंनी ते बरोबर पकडलं. म्हणाले, उद्या तहसीलला तूच अर्ज लाव, मोरगावातलं माझं नाव निघालं पाहिजे. अनुप बरं म्हणाला. मग म्हणाला, "चला आबा."

"तुम्ही व्हा पुढं. आमचं बोलणं व्हायचंय."

अक्काबाई उठल्या होत्या. त्या परत बसल्या. कन्हेरीचा विषय निघाला आहे तर त्यात आपलाही वाटा आहे, तो ऐकूनच जाईन, असं त्यांनी अनुपला सांगितलं आणि चपला काढून पाय वर घेतले. पायल बाजूला जाऊन जेसीबीवाल्याला फोन लावत होती. पोत्यांचं काय करायचं, असं ज्योत्स्नानं तिला विचारलं. फोन कानाला लावलेलाच ठेवून पायल म्हणाली की शाळेला नेते, पोरांना कागदावर ओढून दाखवायला. राहिलेलं तू पुण्याला ने.

आत सारजाकाकू परातीत पीठ घेत होती. तिनं बाहेर एकदा डोकावून किती माणसं राहिली ते पाहिलं, पुन्हा डब्याशी गेली आणि आणखी पीठ घेतलं.

ज्योत्स्ना गाडीत बसली. भूषणकाकानं आपली खुर्ची ओढून भावाच्या अगदी समोर घेतली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि बोटांवर मोजून काहीतरी सांगत होता. रामभाऊ प्रत्येक बोटाला नाही म्हणत होते. अनुपनं काच वर करायला घेतली. ज्योत्स्ना म्हणाली, राहू दे. गाडी बांधावरून रस्त्याला लागली तरी मागून आवाज येत होते. दोघंही एकदमच बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.